होटगी रोडचं आकाश आणि पांढरी सेसना

सोलापुरात विमानाचा विषय निघाला की लोक तिकिटाचं विचारतात. माझा जीव प्रवासी विमानात नाही. जून २०२५ मध्ये गोव्याची सेवा सुरू झाली, एटीआर ७२ होटगी रोडच्या विमानतळावर उतरू लागलं, गावाबरोबर मीही कौतुकानं पाहिलं. पण त्याचं टाइमटेबल असतं. मला आवडतं ते न सांगता अचानक येणारं दोन-चार सीटांचं छोटं विमान. बारामतीला वैमानिक शिकतात, त्यातलं एखादं वाट वाकडी करून इकडे येतं. व्यावसायिक लायसन्सला २०० तास उड्डाण लागतं आणि त्यात ३०० नॉटिकल मैलांची एक फेरी, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून. त्या पोरांचा अभ्यास, आमची चैन.

मी पॉवरलूमवर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, होतो. एवढ्या खडखडाटात कुठला माग बिघडलाय ते कानानंच कळायचं, तोच कान आता रिटायरमेंटमध्ये कामाला येतो. सेसना १७२ हे चार सीटांचं विमान, त्याचं इंजिन नाकावरच्या पंख्याला थेट जोडलेलं असतं, मध्ये गिअर नाही. इंजिन फिरेल तेवढाच पंखा फिरतो, मिनिटाला चोवीसशेच्या आसपास, म्हणून आवाज भरदार येतो. टेकनाम पी-२००८ इटलीचं. त्याचं रोटॅक्स इंजिन पाच हजारांच्या वर फिरतं आणि गिअरबॉक्स तो वेग निम्म्याहून कमी करून पंख्याला देते. त्यामुळे आवाज बारीक, जरा घाईतला. गच्चीवर वाळवण राखत बसलो असलो तरी मान वर करण्याआधी कळतं.

"आजोबा, न बघता कसं ओळखलं ओ?" नात विचारते. तिला मी आधी पंख बघायला शिकवलं. पंख छतावर की पोटाखाली? छतावर असून खालून तिरकी दांडी आधाराला असेल तर बहुतेक सेसना. टेकनामलाही दांडी असते, पण अंग सडपातळ. पंख पोटाखाली आणि शेपटीची आडवी पट्टी वर टोकाला असेल तर डायमंड कंपनीचं. मग डाव्या पंखाखालची नोंदणीची अक्षरं, व्हीटीपासून सुरू होणारी. दुर्बिणीतून ती वाचली की वहीत तारीख, वेळ, वारा. कॅमेरा मी नेत नाही. विमानतळाच्या फोटोला परवानगी लागते, आणि भिंतीपाशी रेंगाळणाऱ्या म्हाताऱ्याला कुणी हटकलंच तर वही दाखवणं सोपं.

पूर्वी उंची अजमावायला सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी होती. विमानांच्या वाटेत येते म्हणून २०२३ साली ती पाडली. त्यावरून गावात अजून दोन तट आहेत, मी त्यात पडत नाही, पण माझी मोजपट्टी गेली एवढं खरं.

पुतण्या अमेरिकेत असतो. तिथे विस्कॉन्सिनमधल्या ऑशकॉशला दर जुलैत छोट्या विमानांचा मेळावा भरतो, दहा हजारांच्या आसपास विमानं जमतात. त्यानं तिथलं येण्याचं तंत्र सांगितलं आणि मी खूशच झालो. रिपन गावापासून वैमानिक रेल्वेच्या रुळांवरून ओळीनं येतात. फिस्क नावाच्या खेड्यापाशी कंट्रोलर दुर्बीण घेऊन बसलेले. ते विमानाचा नंबर विचारत नाहीत. "पांढरं, वर पंखवालं, पंख हलव!" एवढंच रेडिओवर सांगतात. वैमानिकानं तोंडानं उत्तर द्यायचं नाही, पंख हलवायचे. म्हणजे जगातल्या सगळ्यात गजबजलेल्या छोट्या विमानांच्या गर्दीत माझ्या नातीचीच पद्धत चालते! आणि रूळच हवे असतील तर आमचं होटगी जंक्शन आहेच, वरून वाट चुकायची नाही.

असा मेळावा इथे का भरू नये? दहा हजार नकोत, सहा विमानं पुरेत. इंधनाची अडचण कुणी काढेल: सेसनाला खास विमानाचं पेट्रोल लागतं, एटीआरचं रॉकेलच्या जातीचं इंधन तिला चालत नाही. पण बारामती सरळ रेषेत दोनशे किलोमीटरच्या आत. सेसना १७२ भरल्या टाकीत येऊन-जाऊन वर उरेल एवढं उडते. चहा आणि कडक भाकरी-शेंगाचटणी आम्ही पुरवू. थंडीतला, आकाश स्वच्छ असलेला कुठलाही रविवार चालेल. फक्त जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसांत ठेवू नका, तेव्हा नातीला पाळण्यात बसवायचं असतं.