‘लीगल’ आहे, पण करारात आहे का? सुट्टीच्या दिवशीच्या ड्युटीचे पैसे मी कसे वसूल केले

मी एअरबस 320 वर फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक आहे. बेस मुंबई, घर नागपूरला, खामल्यात. सलग दोन सुट्ट्या मिळाल्या की स्टाफ तिकिटावर जागा मिळेल त्या विमानाने नागपूर गाठायचं, असा माझा क्रम. त्यामुळे सुट्टीतली पहिली सकाळ जरी कोणी काढून घेतली तरी माझी अख्खी सुट्टी बुडते. कंपनीचं नाव लिहीत नाही. अजून तिथेच उडते आहे आणि पुढेही उडायचं आहे. पण 2025 च्या पावसाळ्यात सुट्टीच्या दिवशी करून घेतलेल्या ड्युट्यांचे पैसे मी करारावर बोट ठेवून मिळवले. ते कसं झालं ते सांगते, कारण हा त्रास एकट्या माझा नाही.

आधी एक घोळ निस्तरू. क्रू शेड्युलिंगला, म्हणजे ड्युट्या लावणाऱ्या विभागाला, फोन केला की पलीकडून ठरलेलं उत्तर येतं, ‘मॅम, यू आर लीगल.’ म्हणजे डीजीसीएच्या (विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी यंत्रणेच्या) ड्युटीच्या नियमांत तुम्ही बसता. आणि ते बहुतेक वेळा खरंच असतं. 365 दिवसांत 1000 तासांच्या वर उड्डाण नाही. 1 जुलै 2025 पासून साप्ताहिक विश्रांती 36 तासांवरून 48 तासांवर गेली, तिच्यात दोन रात्री हव्यात, आणि एक विश्रांती संपल्यापासून पुढची सुरू होईपर्यंत 168 तासांपेक्षा जास्त जाता कामा नयेत. त्याच वर्षी 1 नोव्हेंबरपासून रात्रीच्या ड्युटीत लँडिंग दोनच. ही सगळी सुरक्षेची कमाल मर्यादा झाली. त्या मर्यादेच्या आत कंपनी तुमच्याकडून काय करून घेऊ शकते, तुम्हाला विचारून की न विचारता, आणि त्याचे किती पैसे, हे नियमावलीत नसतं. ते तुमच्या करारात असतं. पगाराच्या भांडणात डीजीसीए पडत नाही. तिकडे अर्ज करून वाट बघत बसलेले सहकारी मला माहीत आहेत.

माझ्या बाबतीत व्हायचं ते असं. ॲपवर महिन्याचं रोस्टर, म्हणजे ड्युट्यांचं वेळापत्रक, प्रसिद्ध होतं. सुट्टीचा दिवस हिरव्या चौकोनात, वर ‘ऑफ’. मग सुट्टीच्या आदल्या दिवशी कधीतरी फोन थरथरतो: ‘तुमचं रोस्टर बदललं आहे.’ खाली एकच बटण, ‘ॲक्नॉलेज’, म्हणजे ‘कळलं’. ते दाबल्याशिवाय नवं रोस्टर उघडतच नाही. उघडल्यावर दिसतं की हिरवा चौकोन पिवळा झालाय, ‘ऑफ’च्या जागी ‘स्टँडबाय’, म्हणजे बोलावलं की निघायच्या तयारीत राहायचं. दुसऱ्या दिवशी पहाटे स्टँडबायवरून ड्युटीला बोलावणं. महिनाअखेरीच्या हिशेबात ‘सुट्टीच्या दिवशी काम’ या रकान्यात शून्य, कारण त्यांच्या लेखी मी सुट्टीवर नव्हतेच! आणि ॲपमध्ये जुनं रोस्टर राहत नाही, फक्त शेवटचं राहतं. म्हणजे माझी सुट्टी गेली असं नव्हे, ती कधी नव्हतीच.

साप्ताहिक विश्रांती पुढे सरकवून 168 तासांत बसवलेली असायची, त्यामुळे ‘लीगल’ होतंच.

आमच्या शेजारी एक काका राहतात. अजनीच्या लोको शेडला होते, मालगाड्या चालवून रिटायर झाले. त्यांना हे सांगितलं तर त्यांनी एवढंच विचारलं, ‘कॉल बुकात सही कोणाची हाय?’ मला कळेना. मग त्यांनी समजावलं. त्यांच्या काळात ड्युटी निघाली की कॉलबॉय घरी यायचा, हातात वही असायची. त्या वहीत कॉल किती वाजता मिळाला ते लिहून ड्रायव्हरची सही घ्यायची. पुढे विश्रांतीवरून किंवा जादा तासांवरून काही निघालं तर ती वहीच कामी यायची. ‘तुमच्याकडं मोबाइल आला अन् वही गेली. काहून गेली, इचार कर बरं पोरी,’ म्हणाले.

तेव्हापासून रोस्टर प्रसिद्ध झालं की मी त्याचा स्क्रीनशॉट घेते आणि स्वतःलाच मेल करते. मेलवर तारीख-वेळ आपोआप पडते, तिच्याशी कोणी वाद घालू शकत नाही. बदल आला की दुसरा स्क्रीनशॉट, तोही मेल. शेड्युलिंगचा फोन आला की ‘बरं’ म्हणायच्या आधी सांगायचं, मेसेजवर पाठवा. पाठवला नाही तर मीच पाठवायचा: ‘आत्ता आपलं बोलणं झालं त्यानुसार माझी अमुक तारखेची सुट्टी रद्द करून मला ड्युटी दिली आहे. माझी संमती नाही, तरी आदेशानुसार हजर होते आहे.’ शेवटचं वाक्य वकीलबाईंनी सुचवलेलं. मी आधी लिहायचे ते वाक्य इथे छापण्यासारखं नव्हतं.

वकीलबाई सिव्हिल लाइन्सला बसतात. त्यांनी पहिल्यांदा करार मागितला, आणि करारापेक्षा त्याची परिशिष्टं जास्त वेळ वाचली. मुख्य करारात एक लांबलचक कलम होतं: कामकाजाच्या गरजेनुसार कंपनी रोस्टर बदलू शकेल. शेड्युलिंगवाले उठता-बसता याच कलमाचा दाखला द्यायचे. पण भत्त्यांच्या परिशिष्टात दोन ओळी होत्या: प्रसिद्ध झालेल्या रोस्टरमधली सुट्टी वैमानिकाच्या संमतीशिवाय रद्द झाल्यास त्या दिवसाचा ठरावीक दर आणि बदली सुट्टी. ‘प्रसिद्ध झालेल्या’ या दोन शब्दांवर बाईंनी पेन्सिलीने गोल केला. म्हणाल्या, सर्वसाधारण कलम आणि नेमकं कलम यांची टक्कर झाली तर नेमकं कलम धरतात. आणि शब्दाचे दोन अर्थ निघत असतील तर ज्याने करार लिहिला त्याच्या विरुद्ध जाणारा अर्थ घेतात. तुमचा करार तुम्ही लिहिला का? नाही ना, मग झालं.

मला भीती वेगळीच होती. लाखांत पगार घेणारी बाई कामगार कायद्याकडे गेली तर लोक हसतील. बाई म्हणाल्या, हसू देत. औद्योगिक विवाद कायदा, 1947 मधली पगाराची मर्यादा देखरेखीचं काम करणाऱ्यांना लागते. कुशल किंवा तांत्रिक काम करणाऱ्याला ती लागतच नाही. कोर्ट हुद्दा बघत नाही, मुख्य काम काय ते बघतं. कॅप्टनच्या बाबतीत कंपनी ‘तो व्यवस्थापनात मोडतो’ असं ताणून बघेल. फर्स्ट ऑफिसर कोणावर देखरेख करते?

मग तीन वाटा मांडल्या. सेवाशर्तींतल्या बदलाचं कलम 9अ: कामाचे तास, विश्रांती, भत्ते यांत कामगाराच्या तोट्याचा बदल करायचा तर 21 दिवस आधी नोटीस द्यावी लागते. पण हे भांडण संघटनेने लढवायचं, एकटीने लढवण्याजोगं नाही. दुसरी, समेटासाठी केंद्रीय श्रम आयुक्तांकडे जायचं. विमान वाहतुकीसाठी ‘समुचित सरकार’ (असे वाद ज्याच्या अखत्यारीत येतात ते) केंद्र असतं, म्हणून राज्याच्या कामगार कार्यालयात खेटे घालून उपयोग नाही. तिथेही एकटीची तक्रार लंगडी. तिसरी वाट कलम 33सी(2). मालकाकडून येणं असलेली रक्कम ठरवून मागायचा अर्ज, आणि तो एकट्याने करता येतो. अट एकच: हक्क आधीपासून ठरलेला हवा. नवा हक्क मिळवून द्यायला हे कलम नाही. माझ्याकडे परिशिष्टाच्या दोन ओळी होत्या आणि स्क्रीनशॉट होते. नागपुरात केंद्राचं औद्योगिक न्यायाधिकरण आहे, पण माझं काम मुंबईचं, त्यामुळे अर्ज करायचा तर तिकडेच करावा लागला असता.

अर्जाआधी कंपनीतली पायरी चढायची होती. एचआरला तक्ता दिला: प्रसिद्ध रोस्टर, बदलाची वेळ, प्रत्यक्ष ड्युटी, परिशिष्टाप्रमाणे देणं. उत्तर आलं की तुम्ही ‘ॲक्नॉलेज’ केलं, म्हणजे संमती दिली. यावर मी वाद घातला नाही, फक्त विचारलं की नकार द्यायचं बटण कुठे आहे. पुढचा मेल यायला बराच वेळ लागला.

मध्ये एका रात्री वेगळाच प्रसंग आला. मुंबईत पाऊस, वर चकरा मारून इंधन कमी झालं आणि आम्ही नागपूरला वळलो. विमान पार्किंगच्या जागी उभं राहिल्यावर शेड्युलिंगचा फोन आला कॅप्टनना: पाऊस ओसरतोय, ड्युटीचे तास वाढवून घ्या आणि मुंबईला या. हा अधिकार कॅप्टनचा असतो, तोही बाकीच्या क्रूला विचारून. कंपनी विनंती करू शकते, हुकूम नाही. सर माझ्याकडे वळले: ‘तू फिट आहेस का? खरं सांग.’ मी म्हटलं, नाही सर. त्यांनी केबिन क्रूला विचारलं आणि फोनवर एका वाक्यात नाही म्हणून सांगितलं. ऑगस्ट 2023 मध्ये याच विमानतळावर, बोर्डिंग गेटजवळ, पुण्याला निघायच्या आधी एक कॅप्टन कोसळले आणि वाचले नाहीत. आदल्या पहाटे उड्डाणं, मग सत्तावीस तास विश्रांती, कागदावर सगळं नियमात. कारण हृदयविकाराचं सांगितलं गेलं. पण तेव्हापासून आमच्या घरी ‘लीगल’ या शब्दाने कोणाचं समाधान होत नाही.

त्या रात्रीचा फटिग रिपोर्ट मी भरला. तो पैशाच्या फाइलमध्ये घालू नका असं बाईंनी बजावलं, आणि ते बरोबरच होतं. थकव्याचा अहवाल हे सुरक्षेचं काम. त्याला वसुलीचा वास लागला की पुढच्या खऱ्या अहवालावर कोणी विश्वास ठेवत नाही.

माझी एक बॅचमेट अमेरिकेत उडते. तिच्याकडे असा करार एकेकट्याशी नसतो, संघटना कंपनीशी करते. सुट्टीच्या दिवशी ओढून कामाला लावलं तर किती पट पैसे, कोणाला आधी ओढायचं, सगळं त्यात. तिथे यासाठी रेल्वे कामगारांचा 1926 चा कायदाच 1936 पासून विमान कंपन्यांना लावला. हे काकांना सांगितल्यावर ते जे खूश झाले, विचारू नका.

शेवटी वकिलाची नोटीस गेली, तिच्यात 33सी(2) चा उल्लेख होता, सोबत तक्ता होता. मग बोलावणं आलं. मीटिंगमध्ये कायद्यावर कोणी बोललं नाही. बोलणं स्क्रीनशॉटवर झालं. स्टँडबायमध्ये बदललेल्या सुट्ट्या ‘प्रसिद्ध सुट्टी’ म्हणून धरल्या, दिवसाचा दर दिला. बदली सुट्ट्या मात्र दिल्या नाहीत, त्यांचेही पैसेच घ्या म्हणाले. व्याज नाही. मी मान्य केलं. बाई लढायला तयार होत्या, मी नव्हते. कमांडसाठीच्या अपग्रेडची, म्हणजे कॅप्टनपदाच्या बढतीची, यादी त्याच इमारतीत तयार होते, हे मला लपवायचं नाही. पगाराच्या स्लिपवर ती रक्कम ‘ॲडजस्टमेंट’ या नावाने आली.

आता कायद्याची पाटी बदलली आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. सेवाशर्तींतल्या बदलाची नोटीस आता कलम 40 मध्ये आणि येणं वसुलीचा अर्ज कलम 59 मध्ये. जुनी कलमं टाकून नोटीस पाठवू नका. आणि रजेकडेही लक्ष ठेवा. रजा ही साप्ताहिक विश्रांती म्हणून धरता येणार नाही, अशी ओळ नव्या नियमांत होती. डिसेंबरमध्ये देशभर विमानं रद्द झाली त्या गोंधळात, 5 तारखेला, डीजीसीएने ती मागे घेतली. तुमच्या करारात रजा आणि ऑफ हे वेगळे रकाने असतील तर नियम काहीही म्हणो, ते वेगळेच राहतात. माझ्या करारात आहेत. जानेवारीच्या रोस्टरमध्ये ते एकत्र दिसले, म्हणून त्याचा मेल पाठवून ठेवला आहे. उत्तर अजून आलेलं नाही.