सोलापूर : भैय्या चौकातले घर आणि काकांचा शब्द

आमच्या घरात एक शब्द होता, ज्याचा अर्थ कोणालाही ठाऊक नव्हता. लहानपणी गुडघा फुटला की काका कापसाने जखम पुसत आणि औषध झोंबून आम्ही ओरडू लागलो की ‘केद्वा, केद्वा’ असे पुटपुटत. आम्ही मुले तो शब्द ‘उगी उगी’ या अर्थाने बाहुल्यांशी खेळतानाही वापरत असू.

काकांना आता ८३ वर्षे पूर्ण झाली आहेत. त्यांचे बालपण सोलापुरात गेले. वडील गिरणीत होते, आणि पाळीच्या भोंग्यावर घरातले उठणे-जेवणे ठरत असे. कितीतरी वर्षांनी ‘एकदा सोलापूर दाखव’ असे त्यांनी स्वतःहून म्हटले, तेव्हा मार्चच्या अखेरीस मी त्यांना घेऊन संध्याकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याहून निघाले. १९३० च्या मार्शल लॉनंतर १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याला फाशी दिलेल्या चार सोलापूरकरांची आठवण या गाडीच्या नावात आहे. कुर्डुवाडी मागे पडेपर्यंत काका बोलत होते. पुढे ते खिडकीबाहेरच्या अंधाराकडे पाहत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन चढण्याआधीच आम्ही भैय्या चौकात गेलो. डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी ज्या घरात झाला, तिथे महापालिकेने त्यांचे स्मारक केले आहे. ‘आमची आजी सांगायची, कोटणिसांचा मुलगा चीनला गेला तो आलाच नाही,’ एवढे काकांना माहीत होते. बाकीचे मी वाचून आले होते आणि शिक्षिकेच्या सवयीने त्यांना सांगत होते : जपानने चीनवर आक्रमण केल्यावर १९३८ मध्ये काँग्रेसने पाठवलेले पाच डॉक्टरांचे पथक, त्याचे प्रमुख डॉ. अटल, चोळकर, बसू, मुखर्जी आणि २७ वर्षांचे कोटणीस. बाकीचे एकेक करून परतले तरी हे आघाडीवरच राहिले. तिथल्याच परिचारिकेशी विवाह. मुलाचे नाव यिनहुआ, ज्यातला ‘यिन’ म्हणजे भारत आणि ‘हुआ’ म्हणजे चीन. आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, मूल जेमतेम काही महिन्यांचे असताना, अपस्माराच्या झटक्यांनी आलेला मृत्यू.

‘तिकडे त्यांना कोटणीस म्हणत नसत,’ मी पुढे म्हणाले. ‘त्यांचे चिनी नाव के दिहुआ.’

काका थांबले. त्यांना कमी ऐकू येते, म्हणून मी नाव पुन्हा मोठ्याने उच्चारले. तिसऱ्यांदा त्यांनीच उच्चारले, माझ्यापेक्षा वेगळ्या हेलात, आणि तो हेल मला माझ्या फुटलेल्या गुडघ्यापासून ओळखीचा होता.

काका १९६२ च्या चीन युद्धात सिग्नल्समध्ये, म्हणजे लष्कराच्या संदेशवहन विभागात होते, हे आम्हाला माहीत होते. २० ऑक्टोबरच्या पहाटे नामका चू नदीकाठी हल्ला झाला, सुती गणवेशातली माणसे त्या थंडीत लढली, काका पकडले गेले आणि १९६३ मध्ये परतले, एवढाच मजकूर घरात उपलब्ध होता. उजव्या पायाची दोन बोटे नाहीत, हेही आम्ही काकूंकडून ऐकले होते. पाहिले कोणीच नव्हते, कारण सोलापूर असो की पुणे, भर वैशाखातही त्यांच्या पायांत मोजे असत. परत आल्यावर त्यांची जी चौकशी झाली, तिच्याविषयी ते एकदाच बोलले : ‘तिथे आपल्याच माणसांनी तोच प्रश्न दहा वेळा विचारला.’ मला वाटते, बोलणे तिथेच आटले.

स्मारकातून बाहेर पडल्यावर त्यांनी रिक्षावाल्याला सिद्धेश्वराला नेण्यास सांगितले. वाटेत तो शेंगाचटणी कोणत्या दुकानात घ्यावी हे आग्रहाने सांगत होता. आम्ही दोघांनीही ऐकले नाही. मला त्या वेळी काकांची शंका येत होती, हे कबूल केले पाहिजे. साठ वर्षांपूर्वी तिबेटमधल्या छावणीत कानावर पडलेले काहीही असू शकते. मात्र कोटणीस ज्या आठव्या रूट सेनेत, म्हणजे चिनी कम्युनिस्टांच्या सैन्यात होते, तिच्याच परंपरेतली ती १९६२ ची चिनी सेना. तिच्या एखाद्या वयस्क डॉक्टरला हे नाव ठाऊक असणे अशक्य नव्हते. आणि ‘केद्वा’ तर या प्रवासाच्या कितीतरी आधीपासून आमच्या घरात होता. तरीही खात्री देता येत नाही.

तळ्याकाठी सावलीत बसून काकांनी बूट काढले आणि मग, माझ्याकडे न पाहता, मोजेही काढले. करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट होते तिथे गुळगुळीत, थोडी निळसर कातडी होती.

‘एक म्हातारा डॉक्टर होता,’ ते म्हणाले. ‘रोज पट्टी बदलायचा. दुभाष्या नसायचा. माझ्याकडे बोट करायचा आणि हे म्हणायचा. मी कळवळत असायचो, म्हणून मला वाटायचे की रडू नको म्हणतोय.’

मी काहीच बोलले नाही. देवळाकडून घंटा ऐकू येत होती आणि पायरीवर दोन मुले माशांना कुरमुरे टाकत होती.

‘म्हणजे तो समजावत नव्हता,’ काका म्हणाले. ‘तो विचारत असणार, या माणसाला ओळखतोस का म्हणून. त्याच्या गल्लीपासून आमचे घर किती लांब? पाच मिनिटे.’

‘मग तुम्ही काय केलेत?’

‘मी मान हलवायचो. नाही, नाही. रडत नाही.’

दर्शनाला ते अनवाणी निघाले. फरशी तापू लागली होती, म्हणून मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला आणि मोजे माझ्याकडे दिले.