घाड्याला वॉर्डात का घेतलंत?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. लग्नात विचारलंत, एसटीत विचारलंत, बाजारात बांगडे निवडताना विचारलंत. एकदा दाताच्या डॉक्टरांनीसुद्धा विचारलं, माझं तोंड उघडं असताना. प्रश्नाचे सूर दोन. एक असा: "सिस्टर, तुम्ही शिकलेल्या बाई. सर्पदंशाच्या पेशंटपाशी घाडी गाऱ्हाणं घालतो आणि तुम्ही बघत राहता?" दुसरा असा: "बरं केलात. म्हणजे तुमचाही विश्वास आहे तर!" घाडी, म्हणजे गावदेवाला साकडं घालणारा मानकरी, माझ्या वॉर्डात एका पेशंटसाठी गाऱ्हाणं घालतोय, असा एक मिनिटभराचा व्हिडिओ फिरला. तो दोघांनीही पाहिलेला असतो.

दुसऱ्यांना आधी उत्तर देते, कारण ते सोपं आहे. नाही. आमच्याकडे पाच दिवसांचा गणपती असतो, मी मोदक वळते, आरतीला उभी राहते. पण फुरशाचं विष गाऱ्हाण्याने उतरत नाही, हे मला तुमच्याइतकंच ठाऊक आहे. तुमच्यापेक्षा थोडं जास्तच. न गोठणारं रक्त मी हातात धरून पाहिलेलं आहे.

पहिल्यांचं काम अवघड, कारण कधीकाळी मी त्यांच्यातलीच होते. दाभोलकरांचा खून झाला २० ऑगस्ट २०१३ ला, तेव्हा मी जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या शिक्षणाला, होते. काही दिवसांतच सरकारने वटहुकूम काढला, डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा झाला. आम्ही हॉस्टेलच्या मुली पथनाट्य करायचो, आणि त्यात मी मांत्रिकाची बायको व्हायचे. त्या मुलीला विचाराल तर घाडी वॉर्डाच्या पायरीवरूनच परत जायला हवा होता. ती मला अजून भेटते, बहुतेक नाईट ड्युटीला. तिचं म्हणणं मी ऐकून घेते. मग तिला म्हणते, कायदा नीट वाच. साप, विंचू, कुत्रा चावल्यावर माणसाला उपचार घेण्यापासून अडवून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा गुन्हा आहे. अडवणं महत्त्वाचं. माझ्या वॉर्डात कोण कोणाला अडवत होतं?

आणखी एक गोष्ट मी तिला ऐकवते. विंचू उतरवणारे कोकणात गावोगाव होते. त्यांचा धंदा पथनाट्याने बसला नाही. महाडला डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिनची गोळी देऊन दाखवली, निळेपिवळे पडलेले पेशंट उठून बसायला लागले, आणि लोक दवाखान्याकडे वळले. ती म्हणते, वळले, पण आधी उतरवणाऱ्याकडे जाऊन. तेही खोटं नाही.

आता तो दिवस.

पावसाळा तोंडावर आलेला. चाळिशीचा माणूस, चिऱ्यांच्या ढिगात हात घातला आणि फुरसं चावलं, उजव्या हाताच्या बोटाला. भावाने मोटरसायकलवरून तासाभराच्या आत आणला, म्हणजे आमच्याकडच्या हिशेबाने फार लवकर. हात मनगटापर्यंत सुजलेला, हिरड्यांतून रक्त. डॉक्टरांनी काचेच्या कोरड्या नळीत रक्त घेतलं आणि नळी टेबलावर उभी करून ठेवली. ती वीस मिनिटं हलवायची नसते. वीस मिनिटांनी तिरकी करायची. रक्त गोठलेलं असेल तर ठीक, पाण्यासारखं वाहिलं तर विष रक्तात भिनलंय.

त्या वीस मिनिटांत पेशंट बदलला. रक्त घेऊ दिलेला माणूस सलाईन लावू देईना. "माका घाडी व्हयो. गाऱ्हाणा घातल्याशिवाय सुई लावूक देवचंय नाय." हात मागे ओढून धरलेला, नाडी एकशे तीसच्या वर, डोळे दाराकडे. भाऊ म्हणाला, घाडी रिक्षाने निघालेत, पोचतीलच. डॉक्टर नवीन, बाँडवर, म्हणजे शिक्षणानंतरच्या सक्तीच्या सेवेवर, आलेले. त्यांनी समजावलं, मी समजावलं, मावशींनी दटावलं. शुद्धीतला प्रौढ माणूस नको म्हणत असेल तर त्याला खाटेला बांधून औषध देता येत नाही. ज्यांना हे कळत नाही त्यांनी पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

नळी तिरकी केली. रक्त वाहिलं. आणि त्याच वेळी घाडी दारात.

घाडी म्हणजे मांत्रिक नव्हे, हे घाटावरच्या वाचकांसाठी. गावदेवाला गावाच्या वतीने गाऱ्हाणं घालण्याचा मान ज्याच्या घराकडे असतो, तो. साठी उलटलेला माणूस, पायात रबरी चपला, हातात नारळ आणि कागदात बांधलेला अंगारा. मी त्यांना दारातच अडवून माझ्या अटी सांगितल्या. चावलेल्या हाताला दोरा बांधायचा नाही. जखमेला अंगारा लावायचा नाही, कपाळाला लावा. उदबत्ती नाही, शेजारी ऑक्सिजन आहे. नारळ बाहेर. पोटात काही द्यायचं नाही. आणि सुरुवात कराल तेव्हा मी औषध तयार करायला घेणार, संपेल तेव्हा ते त्याच्या शिरेत जाणार. भांडायची तयारी ठेवूनच बोलले होते. ते म्हणाले, "बाये, तुमचा चालांदे. माझा दोन मिनटांचा काम." दोरा डाव्या हाताला बांधा म्हटलं, तर म्हणाले, "बांधतंय. देवाक खयचोय हात चलता."

एएसव्हीची, म्हणजे सापाचं विष उतरवणाऱ्या औषधाची, पहिली मात्रा दहा वायलची, म्हणजे दहा छोट्या बाटल्यांची. आत पावडर असते, प्रत्येकीत पाणी घालून ती विरघळवावी लागते. खळाखळा हलवली तर फेस येतो, म्हणून बाटली दोन तळहातांमध्ये धरून हळूहळू फिरवत राहायचं. दहा बाटल्यांना वेळ लागतोच, घाडी असो वा नसो. मी फिरवत होते, औषधाची रिअॅक्शन आली तर हाताशी असावं म्हणून डॉक्टर अॅड्रिनॅलिन भरून ठेवत होते, आणि घाडी खाटेच्या पायथ्याशी उभे राहून म्हणत होते, "बा देवा म्हाराजा..." भाऊ म्हणे, "व्हय म्हाराजा." दुसऱ्या वेळेला आमचे वॉर्डातले मामाही म्हणाले. तिसऱ्या वेळेला अर्धा वॉर्ड. मध्येच घाड्यांनी सुरात बदल न करता एक वाक्य घातलं, "ह्या डाक्टराच्या नि बायच्या हाताक येस दी रे म्हाराजा." डॉक्टर दचकले. पेशंटने डावा हात आपणहून पुढे केला.

व्हिडिओ इथला आहे. पलीकडच्या खाटेच्या नातेवाइकाने काढलेला. त्यात वायल दिसत नाहीत, फक्त माझे ओठ हलताना दिसतात. "तुम्हीही व्हय म्हाराजा म्हणत होतात!" मी वायल मोजत होते. कारणे दाखवा नोटीस आली तेव्हा उत्तरात तेच लिहिलं: परिचारिका औषधाच्या कुप्या मोजत होती. शेवटच्या एकदोन वेळा नेमकं काय मोजत होते, ते शपथेवर सांगायला मला लावू नका.

पुढचं पटकन सांगते. औषध घातलेलं सलाईन अर्धं गेल्यावर थंडी वाजून अंगावर गांधी उठल्या, अॅड्रिनॅलिन दिलं, पुन्हा चालू केलं. सहा तासांनी नळी पुन्हा तिरकी केली, रक्त अजून पातळ, दुसरी मात्रा दिली. त्यानंतर गोठलं. माणूस चालत घरी गेला. गावात म्हणतात गाऱ्हाण्याने वाचला. म्हणू देत. केसपेपरवर काय लिहिलंय ते मला माहीत आहे.

नोटिशीच्या उत्तरात मी वेळा लिहिल्या: दाखल, नळी, पहिला थेंब. नळीनंतर एक मिनिटही वाया गेलेलं नाही. आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेची आचारसंहिताही जोडली. १९५३ साली पहिल्यांदा स्वीकारलेली, २०२१ मध्ये सुधारलेली. रुग्णाच्या चालीरीती आणि श्रद्धांचा मान राखायचा, हे त्यात आमचं काम म्हणून दिलेलं आहे, हौस म्हणून नाही. प्रकरण फाइलमध्ये गेलं.

इथवर मी जिंकत असते. लोक मान डोलावतात. पुढे जे विचारायला हवं ते कोणी विचारत नाही, म्हणून मीच विचारते.

पहिलं. त्याच वॉर्डात एका मुसलमान आजीचे शेवटचे तास चालले होते, नातू उशाशी बसून कुराणातलं यासीन वाचत होता. दोन खाटांवरून कुरकुर आली आणि मी त्याला म्हटलं, बाळा, जरा हळू. त्याने लगेच आवाज उतरवला, इतका की त्याच्या आजीला ऐकू गेलं असेल की नाही कोण जाणे. घाड्यांना मी असं म्हटलं नव्हतं. तेव्हा कुरकुर आलीच नव्हती, उलट अर्धा वॉर्ड साथ देत होता. म्हणजे मी मान कशाचा राखत होते, पेशंटच्या श्रद्धेचा की वॉर्डातल्या बहुमताचा? वेंगुर्ल्याच्या एका बाईंसाठी फादर आले, तेल लावून पाच मिनिटांत गेले, कोणाला पत्ताही लागला नाही. हळू आवाजाच्या श्रद्धेला मान देणं फार स्वस्त पडतं.

दुसरं जास्त जड आहे. व्हिडिओ फिरल्यानंतर त्याच पावसात एका पोराला आणलं, घोणस चावून बरेच तास झालेले. आधी देवळात कौल लावला, मग एका उतरवणाऱ्याकडे नेलं, मग आमच्याकडे. लघवी लाल, पुढे तीही बंद. डायलिसिससाठी मोठ्या हॉस्पिटलात पाठवावं लागलं. मी त्याच्या आईवर ओरडले. ती शांतपणे म्हणाली, "तुमच्या हास्पिटलात घाडी येतत मा? मगे आमी आदी थय गेलो तर काय बिघाडला?"

पथनाट्यातली मुलगी त्या रात्री काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

मला त्या आईला दहा वायलांचं गणित सांगता आलं असतं: आमच्याकडे ते औषधासोबत झालं, तुमच्याकडे औषधाऐवजी. पण हा फरक व्हिडिओत दिसत नाही, आणि गावात व्हिडिओ पोचतो, केसपेपर पोचत नाही. तरी तो चाळिशीचा माणूस हात मागे ओढून बसलेला आठवतो आणि वाटतं, दुसरं काय केलं असतं? समजावत बसले असते? नळीतलं रक्त वाहत होतं.

आता दाखल करताना विचारते, आधी कुठे जाऊन आलात, किती वेळ लागला. रागावत नाही. रागावलं की पुढच्या वेळी खरं सांगत नाहीत. गिळता येत नसलेल्याच्या तोंडात तुळशीपाणी घालू देत नाही, ओल्या गॉजने ओठ टिपायला देते. रोजे धरलेल्या मधुमेही बाईंना इन्शुलिनच्या वेळांबद्दल आधीच डॉक्टरांकडे पाठवते. वॉर्डात मोबाइल बाहेर काढला की मामा हटकतात.

आमच्या परिसेविकांचं, म्हणजे वॉर्डाच्या प्रमुख सिस्टरांचं, म्हणणं अजून तेच आहे: गाऱ्हाणं व्हरांड्यात घालायला सांगायचं होतं. व्हरांड्यातून त्याच्या खाटेपर्यंत आवाज पोचला असता आणि त्याने हात पुढे केला असता, असं त्यांना वाटतं. मला नाही वाटत. दोघींची ड्युटी एका पाळीला आली की हा वाद चहाबरोबर निघतोच.