व्हर्दूनचा रस्ता

२१ फेब्रुवारी, रात्री

पहिल्या महायुद्धात, १९१६ साली आजच्याच दिवशी, फ्रान्समधल्या व्हर्दूनला फ्रेंच आणि जर्मन सैन्यांची लढाई सुरू झाली. तिच्याविषयी वाचायला बसले की माझं मन खंदकांपेक्षा मागच्या रस्त्यावर जास्त रेंगाळतं.

बार-ल-द्यूकहून व्हर्दूनला जाणारा, ७० किलोमीटरहून थोडा लांब आणि जेमतेम ७ मीटर रुंद रस्ता. मोठी रेल्वे जर्मनांमुळे निकामी झालेली. उरली एक अरुंद रुळांची छोटी गाडी आणि हा रस्ता. सरासरी दर १४ सेकंदांना एक ट्रक. जाताना माणसं आणि तोफगोळे, येताना जखमी आणि दमून गळालेले जवान. रात्रंदिवस चाललेलं रहाटगाडगं! ट्रक बंद पडला की दुरुस्तीची वाट न पाहता तो कडेला ढकलून द्यायचे. घोड्यांना आणि पायी चालणाऱ्या तुकड्यांना रस्त्यावर बंदी होती. ७५ मिलिमीटरच्या एका तोफेला सहा घोडे लागत. ते सगळं लटांबर आडवाटांच्या चिखलातून जायचं.

फेब्रुवारी सरता सरता बर्फ वितळलं आणि रस्ता खचू लागला. रोलर फिरवायला वाहतूक थांबवणं शक्यच नव्हतं. मग जवळपासच दगडखाणी उघडल्या. आघाडीवर पाठवायचं वय उलटलेले सैनिक रस्त्याच्या दुतर्फा उभे राहून धावत्या ट्रकांच्या चाकांखाली फावड्याने खडी टाकत. ट्रकांचे भरीव रबरी टायरच ती दाबून बसवत. दिवस-दिवस, आठवडेच्या आठवडे हेच काम. चाळिशीतले, घरी पोरंबाळं असलेले हे बाप्ये मला डोळ्यांपुढून हलवता येत नाहीत.

त्या ७५ च्या तोफेचं कौतुक मी पुष्कळ वाचलंय. मिनिटाला १५ गोळे सहज टाकायची, हे खरंच. पण त्यातला प्रत्येक गोळा कुणीतरी तिच्यापर्यंत पोचवलेला असायचा. व्हर्दूनचे फ्रेंच सेनापती पेतँ यांनी पलटणी सतत आलटून पालटून पाठवल्या, त्यामुळे फ्रेंच सैन्याचा बहुतेक भाग कधी ना कधी व्हर्दूनला येऊन गेला. तेही याच रस्त्याच्या जिवावर. माझ्या लेखी व्हर्दून टिकवण्यात फावडेवाल्यांचा वाटा तोफचींपेक्षा तसूभरही कमी नाही.

लेखक मोरिस बारेसने या रस्त्याला ‘पवित्र मार्ग’ म्हटलं. आता त्याचा सरकारी क्रमांकच डी १९१६ आहे. कधी तिकडे जाणं झालं, तर स्मारकांच्या आधी मी त्या दगडखाणी शोधणार आहे.