सिरसिल्ल्याहून आलेल्या मुलीची अंगणवाडी

माझे शिक्षण सोलापूरच्या पूर्व भागात मराठी शाळेत झाले, पण लग्नानंतर मी तेलंगणातील सिरसिल्ल्याला गेले. गेल्या वर्षी यजमानांना अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात काम मिळाले आणि साडेतीन वर्षांच्या मुलीला घेऊन आम्ही माझ्या माहेरच्या गल्लीत राहायला आलो. मुलीला तेलुगूशिवाय दुसरी भाषा येत नव्हती आणि मलाही शिलाईच्या कामावर जायचे होते.

मुलगी माझ्या आईजवळ राहील, असे सर्वांनी गृहीत धरले होते. आई घरी विड्या वळते. एके दुपारी मी घरी आले, तेव्हा मुलगी तंबाखूच्या सुपाला लागूनच झोपली होती आणि तिच्या मुठीत तेंदूपानाचे कात्रण होते. आईचा त्यात काही दोष नव्हता, हजार विड्या पुऱ्या करताना तिने लक्ष तरी किती ठेवायचे? खासगी नर्सरीची फी व रिक्षाभाडे मिळून माझा निम्मा पगार गेला असता, शिवाय तिथे सगळे इंग्रजीत. अंगणवाडीत तीन ते सहा वर्षांच्या मुलांना शिक्षणाबरोबर गरम ताजा आहार मिळतो आणि शुल्क नसते, म्हणून मी तिकडे वळले.

पहिल्या केंद्रावर "आधी तिकडच्या अंगणवाडीतले नाव कमी करून आणा" असे सांगून आम्हांला परत पाठवले. मूल एवढे लांबून आले असताना आईने त्यासाठी पुन्हा सिरसिल्ल्याला जावे, ही अपेक्षा मला आजही अन्यायाची वाटते. दुसऱ्या केंद्रातील सेविकाताईंनी पोषण ट्रॅकर या अंगणवाडीच्या नोंदींच्या सरकारी ॲपमध्ये माझा आधार क्रमांक घालून पाहिला, तर मुलीची जुनी नोंद निघाली. ती नोंद स्थलांतर म्हणून इकडे घेता येते, हे मला तेव्हा कळले. मी सिरसिल्ल्याच्या अंगणवाडी टीचरला फोन लावला आणि दोघींच्या मध्ये दुभाषी झाले. काम पुरे व्हायला बारा दिवस लागले, तरी ताईंनी लसीकरणाचे कार्ड पाहून मुलीला त्याच दिवशी बसवून घेतले.

मी त्यांना "नीळ्ळू" म्हणजे पाणी आणि "आकली" म्हणजे भूक, असे दोन शब्द लिहून दिले होते. ताईंनी तो कागद पाण्याच्या पिंपावर चिकटवला.

अंगणवाडी दुपारी सुटते आणि माझे काम सहाला संपते. मधले तास मुलगी अजूनही आईकडेच असते. फक्त आता अंगणवाडी सुटण्याच्या वेळी आई सूप गच्चीवर नेऊन ठेवते आणि उरलेल्या विड्या रात्री वळते.