२८ मतांचा निकाल आणि पाचच मशीनी

शाजापूर इंदूरहून काही लांब नाही, एबी रोडनं देवास गेलं, मक्सी गेलं की आलंच. तर २०२३ च्या विधानसभेत तिथला निकाल लागला २८ मतांनी. अठ्ठावीस! आमच्या रामबागेत गणपतीच्या आरतीला याहून जास्त लोक उभे असतात. आणि सहाच महिन्यांनी, जून २०२४ ला, आमच्या इंदूरच्या लोकसभेचा निकाल लागला ११,७५,०९२ मतांनी, कारण काँग्रेसच्या उमेदवारानं अर्ज मागे घ्यायच्या शेवटच्या दिवशी अर्ज मागे घेतला आणि भाजपमध्ये गेला, मग काँग्रेसवाल्यांनी लोकांना सांगितलं नोटा दाबा, आणि नोटाला पडली २,१८,६७४ मतं. म्हणजे दुसऱ्या नंबरवर नोटाच. त्या दिवसांत जो भेटेल तो हाच विषय काढायचा आणि बोलता बोलता गाडी ईव्हीएमवर यायचीच, मशीन बरोबर की चूक, हॅक होतं की नाही, आमच्या घरातच दोन पार्ट्या पडल्या होत्या.

मला त्या भांडणात रस नाही. मी ऑडिटच्या लाइनीतली आहे, वीस एक वर्षं लोकांच्या वह्या आणि गोडाउनं तपासतेय, त्यामुळे "मशीन चांगलं आहे हो" आणि "मशीन चोर आहे" ही दोन्ही वाक्यं मला सारखीच वाटतात, दोन्हीत कोणी काही मोजलेलं नसतं. मला एवढंच कळतं की कागद आहे का, आणि असेल तर किती तपासला.

तर कागद आहे. व्हीव्हीपॅट. बटण दाबलं की बाजूच्या डब्यात काचेमागे सात सेकंद स्लिप दिसते, नंबर, नाव, चिन्ह, मग कापून खाली पडते. (खरं सांगा, तुम्ही बघता का? आमच्या बिल्डिंगमध्ये विचारलं तर अर्धे लोक म्हणाले बीप वाजला की आम्ही निघालो. छप्पन दुकानवर सकाळी बोटाची शाई दाखवली की पोहे-जिलबी फुकट होती, त्याची घाई असणार.) हे व्हीव्हीपॅट सगळ्यात आधी २०१३ मध्ये नागालँडच्या नोकसेन पोटनिवडणुकीत आलं, त्याच वर्षी सुप्रीम कोर्टानं सांगितलं की हे हवंच, टप्प्याटप्प्यानं लावा, आणि २०१९ पर्यंत देशभर सगळ्या बूथवर लागलं. आणि नियमात, म्हणजे निवडणूक नियमांच्या ५६डी मध्ये, चक्क असं लिहिलंय की मशीनचा आकडा आणि स्लिपांचा आकडा जुळला नाही तर स्लिपांचा आकडा धरायचा. हे फार लोकांना माहीत नसतं. कायद्याच्या नजरेत कागदच मोठा आहे.

पण मोजतात किती? २०१९ च्या एप्रिलपासून, सुप्रीम कोर्टाच्या आदेशानं, प्रत्येक विधानसभा क्षेत्रात पाच. त्याआधी एकच होतं. चिठ्ठी टाकून पाच बूथ काढतात, मोजणीच्या हॉलमध्ये जाळीचं केबिन केलेलं असतं, बँकेत पूर्वी कॅशियरचं असायचं तसंच, तिथे स्लिपा खान्यांत लावून पंचवीस-पंचवीसचे गठ्ठे करतात आणि मोजतात. पद्धत चांगली आहे, मला तिच्यात काही खोट दिसत नाही. खोट त्या पाचमध्ये आहे.

आता बघा. शाजापूरला पाच मशीनी आणि इंदूर लोकसभेला, आठ विधानसभा गुणिले पाच, चाळीस मशीनी. इंदूरमध्ये पावणेबारा लाखांचा निकाल उलटा करायचा तर पावणेसहा लाखांच्या वर मतं इकडची तिकडे करावी लागतील. एका मशीनमध्ये समजा सहाशे मतं आणि सगळीच्या सगळी फिरवली (जे शक्यच नाही, बूथवरचा एजंट ओरडेल), तरी हजाराच्या आसपास मशीनी बिघडवाव्या लागतील. एवढ्या बिघडलेल्या असताना चाळीस मशीनी काढल्या आणि एकही सापडली नाही असं होणारच नाही. म्हणजे इंदूरसाठी चाळीस भरपूर झाल्या, खरं तर दहा पण चालल्या असत्या.

शाजापूरला काय? २८ चा फरक मिटवायला १४ मतं इकडून तिकडे गेली की झालं, १५ वं मत गेलं की निकालच उलटा. एका बूथवर. एका मशीनमध्ये. मतदारसंघात समजा अडीचशे बूथ आहेत, त्यातलं एक चुकीचं आहे, आणि तुम्ही पाच काढले, तर ते एक सापडायची शक्यता शंभरात दोन. उरलेल्या अठ्ठ्याण्णव वेळा तुम्ही "सगळं जुळलं" असं लिहून घरी जाणार आणि ते खरंही असणार, कारण तुम्ही जे बघितलं ते जुळलंच होतं. शाजापूरला काही गडबड झाली असं मी म्हणत नाहीये, बिलकुल नाही, मला तसं काही माहीत नाही. मी एवढंच म्हणतेय की गडबड नव्हती हे त्या पाच मशीनी सांगू शकत नाहीत. आमच्या ऑफिसात एखाद्या आर्टिकलनं (म्हणजे शिकाऊ सीएनं) असं सॅम्पल काढलं असतं, जिथे धोका शून्य तिथे ढीगभर आणि जिथे सगळं एका व्हाउचरवर अडलंय तिथे पाच, तर सर लोकांनी फाइल फेकली असती.

आणि चूक म्हणजे हॅकिंगच असं नसतं. माझे मामा शाळेत होते, रिटायर होईपर्यंत कितीतरी निवडणुकांत पीठासीन अधिकारी म्हणून गेले (महाराष्ट्रात केंद्राध्यक्ष म्हणतात), ते सांगतात की मतदान सातला सुरू होतं त्याच्या दीड तास आधी, म्हणजे साडेपाचला, मॉक पोल. एजंट लोक डोळे चोळत येतात, त्यांच्यासमोर कमीत कमी पन्नास मतं टाकायची, रिझल्ट काढायचा, स्लिपांशी जुळवायचा, मग क्लिअर दाबायचं, मॉकच्या स्लिपांवर मागून शिक्का मारायचा, काळ्या लिफाफ्यात घालून सील करायचं, आणि मग खरं मतदान. आता रात्रभर शाळेच्या बाकावर मच्छर मारत झोपलेला माणूस, बाहेर रांग लागलीये, सेक्टर ऑफिसरचा फोन वाजतोय, यात क्लिअर दाबायचं राहून जाऊ शकतं. राहतं पण. २०२४ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालात हेच उदाहरण आहे, आंध्रमधलं मैदुकूर, २०१९, बूथ नंबर ६३, मशीन आणि स्लिपांचा आकडा जुळला नाही कारण मॉक पोलचा डेटा काढलाच नव्हता. कोर्टात आयोगानं सांगितलं की चार कोटींच्या वर स्लिपा मोजल्या आणि न जुळलेलं प्रकरण हे एकच. मला हे वाचून बरं वाटलं, खरंच, चांगला रेकॉर्ड आहे. पण मॉकची मतं पन्नास आणि शाजापूरचा फरक अठ्ठावीस, हे पण त्याच वेळी डोक्यात आलं.

बरं, याच्यावर आयोगाचाच एक नियम आहे आणि तो मला फार आवडतो. मॉक पोल क्लिअर करायचा राहिला किंवा मशीनचा डिस्प्ले चालला नाही तर ते मशीन बाजूला ठेवतात, आणि शेवटी जिंकणाऱ्याचा फरक त्या बाजूला ठेवलेल्या बूथांच्या एकूण मतांपेक्षा कमी किंवा बरोबर निघाला तर त्यांच्या स्लिपा मोजतात, नाहीतर गरज नाही. टपाली मतांचं पण तसंच, फरक बाद झालेल्या मतांपेक्षा कमी असेल तर ती बाद मतं पुन्हा बघावी लागतात. मुंबई उत्तर पश्चिमला २०२४ मध्ये ४८ मतांचा निकाल लागला तेव्हा हेच झालं होतं, आठवत असेल. म्हणजे फरक किती ते बघून किती तपासायचं ते ठरवायचं, ही गोष्ट आयोगाला कळत नाही असं नाहीये, दोन ठिकाणी त्यांनी स्वतः लिहून ठेवलीये. मग बाकी स्लिपांसाठी तीच पट्टी का नाही? फरक मोठा तर पाच, कमी तर पन्नास, शंभर मतांच्या आतला निकाल असेल तर सगळ्याच. ग्वाल्हेर दक्षिणला २०१८ मध्ये १२१ मतांनी निकाल लागला होता, अशी प्रकरणं एका इलेक्शनमध्ये असून असून किती असणार.

अमेरिकेत कोलोरॅडोनं २०१७ पासून राज्यभर जवळपास असंच सुरू केलंय, फरक जितका कमी तितके जास्त कागद काढून बघायचे, आणि खात्री पटेपर्यंत काढत राहायचे. काही चंद्रावरची गोष्ट नाही.

आयोगाचं म्हणणं असतं वेळ लागेल. २०१९ ला विरोधी पक्षांनी अर्ध्या स्लिपा मोजा म्हटलं तर उत्तर आलं की निकाल पाच-सहा दिवस लांबेल. अहो, पण इंदूरनं १३ मे ला मत दिलं आणि ४ जूनपर्यंत मशीनी नेहरू स्टेडियममध्ये कुलपात होत्या, बावीस दिवस. जबलपूर-छिंदवाड्याचं मतदान १९ एप्रिलला झालं, ते तर शेहेचाळीस दिवस थांबले. आम्ही बिहार-बंगालची मतदानं व्हायची वाट बघत गपचूप बसलो, कोणी काही बोललं नाही, तर एखाद्या शाजापूरसाठी अजून दोन दिवस बसलो असतो की.

आता कागदाचे भक्त पण आहेत, त्यांचं म्हणणं मतपत्रिकाच परत आणा. सोलापूर जिल्ह्यातल्या मारकडवाडीनं डिसेंबर २०२४ मध्ये गावात आपणच बॅलेटवर मतदान घ्यायचं ठरवलं तेव्हा आमच्या फॅमिली ग्रुपवर दोन दिवस दुसरा विषय नव्हता. गावकऱ्यांना ते करू दिलं नाही हे मला चुकीचं वाटलं, पण मतपत्रिकेचं प्रेम मला समजत नाही. मामांनी बॅलेटच्या जमान्यात चंबळ साइडला पण ड्यूटी केलीये, ते म्हणतात की पेटीत गठ्ठे पडताना बघायचे आणि गप्प बसायचं, कारण घरी परत यायचंय. मशीनमध्ये मिनिटाला चारच्या वर मतं जात नाहीत, गठ्ठा कोंबता येत नाही, ही फार मोठी गोष्ट आहे आणि ज्यांनी तो काळ बघितला नाही त्यांना ती छोटी वाटते. आणि कागद म्हटला की संशय जातो असंही नाही. २०२३ च्याच निवडणुकीत बालाघाटला टपाली मतांच्या पाकिटांची मोजणीच्या आधीच छाटणी चालल्याचा व्हिडिओ फिरला, केवढा गोंधळ, अधिकारी सस्पेंड झाला. तिथे कुठलं मशीन होतं?

हरियाणाचं प्रकरण तर याच्याही पुढचं. पानिपत जिल्ह्यात बुआना लाखू नावाचं गाव, नोव्हेंबर २०२२ मध्ये सरपंचाची निवडणूक, एका बूथचे आकडे लिहिताना दोन उमेदवारांची अदलाबदल झाली आणि हरलेला जिंकला. पावणेतीन वर्षं केस चालली, शेवटी सुप्रीम कोर्टानं मशीनी दिल्लीला मागवल्या, आपल्याच आवारात, दोन्ही बाजूंसमोर परत मोजायला लावलं, आणि ऑगस्ट २०२५ ला दुसराच माणूस ५१ मतांनी सरपंच. मशीन बरोबर होतं! कागदावर उतरवणारा चुकला होता. दोन्ही पार्ट्यांनी, मशीनवाल्यांनी आणि कागदवाल्यांनी, हे प्रकरण आपल्या बाजूनं वापरलं, पण मला त्यात एवढंच दिसलं की मोजणी उघडून दाखवली आणि भांडण मिटलं. फक्त पावणेतीन वर्षं उशिरा.

२६ एप्रिल २०२४ च्या निकालात कोर्टानं शंभर टक्के स्लिपा मोजायची मागणी फेटाळली, ठीक आहे, मला पण ती सरसकट मागणी पटत नाही. त्याऐवजी दुसऱ्या-तिसऱ्या नंबरच्या उमेदवाराला सोय दिली की सात दिवसांत पैसे भरून प्रत्येक विधानसभेतल्या पाच टक्के मशीनींची मेमरी इंजिनियरकडून तपासून घ्या. तेव्हा आयोगानं रेट लावला एका सेटला चाळीस हजार, वर अठरा टक्के जीएसटी, झाले ४७,२००. (जीएसटी बघून मला हसू आलं, इनपुट क्रेडिट मिळतं का विचारायला पाहिजे.) पण मेमरी इंजिनियरला कळणार, मशीन बनवणाऱ्या कंपनीच्याच इंजिनियरला, आणि तो म्हणेल ठीक आहे. हरलेल्या माणसाला, त्याच्या शेजारच्याला, गावातल्या चहावाल्याला जे डोळ्यांनी बघता येतं ते म्हणजे स्लिप, आणि त्या तर डब्यात बंदच. जर्मनीच्या घटना न्यायालयानं २००९ मध्ये मशीनी बंद केल्या त्या याच मुद्द्यावर, की साध्या नागरिकाला तज्ज्ञाशिवाय मोजणी तपासता आली पाहिजे. आपल्याकडे ती सोय आहे, पावती छापतोय आपण, मग जिथे अटीतटीचं आहे तिथे तरी उघडा ना. ५६डी खाली उमेदवार अर्ज करू शकतो, पण हो म्हणायचं की नाही ते रिटर्निंग ऑफिसरच्या हातात. तिथे "शकतो" च्या जागी "फरक इतका असेल तर मोजावंच लागेल" एवढंच करायचंय.

पार्ट्यांचं पण सांगायला हवं, नाहीतर सगळं आयोगाच्या डोक्यावर जाईल. मतदान संपल्यावर पीठासीन १७सी फॉर्म भरतो, बूथवर एकूण किती मतं पडली, मशीनचे नंबर, सीलचे नंबर, आणि एजंटला सही करून कॉपी देतो. फुकट. मोजणीच्या दिवशी मशीन तेच आहे का, मतं तितकीच आहेत का, हे पकडायचं सगळ्यात सोपं हत्यार. मामा म्हणतात की संध्याकाळी सहा वाजता कितीतरी वेळा ते कॉपी हातात धरून दारात उभे असायचे आणि एजंट पानाच्या टपरीवर. त्याच पार्टीचे नेते मग निकालानंतर टीव्हीवर ईव्हीएमच्या नावानं रडतात.

आणि महाराष्ट्रातल्या मंडळींनी आमच्या शाजापूरवर फार हसू नये. २०२५ मध्ये तुमच्या राज्य निवडणूक आयोगानं सांगितलं की महापालिका, नगरपालिका, झेडपी या निवडणुकांत व्हीव्हीपॅट लावणार नाही. वॉर्डाचं इलेक्शन म्हणजे तर वीस-तीस मतांवरच निकाल लागतात, आणि तिथे पाच मशीनी की पन्नास हा वाद घालायला स्लिपच नाही.