पावागढचे ध्येय आणि आठवड्याची वही

वजन कमी करायचे ठरले की बहुतेक माणसे आधी एक आकडा ठरवतात, आणि तो ठरवताना लग्नाच्या वेळचे स्वतःचे वजन त्यांना आठवत असते. आकडा ठेवण्यास माझी हरकत नाही. परंतु तो परिणाम आहे, कृती नाही. आज संध्याकाळी मी दोन किलो कमी करीन असे कोणालाही म्हणता येत नाही. अर्धा तास चालेन, असे मात्र म्हणता येते.

त्यातून वजनकाटा अल्पकाळात फसवा असतो. ग्लायकोजेन म्हणजे शरीराने साठवून ठेवलेली साखर; तिच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी असते. खाणे आवरल्यावर हा साठा आणि त्याबरोबरचे पाणी घटते, त्यामुळे पहिल्या आठवड्यात वजन झपाट्याने उतरते, पुढे वेग मंदावतो, आणि नेमक्या त्याच वेळी पुष्कळ जण निराश होऊन सोडून देतात. उलट, रात्री खारट, झणझणीत सेव उसळ झाल्यावर सकाळी काटा वर गेला, तर त्यात मुख्यतः पाणीच असते. म्हणून मी आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी सकाळी वजन करतो आणि महिन्याच्या सरासरीकडे पाहतो. कंबरेचा घेर त्याहून बोलका. भारतीयांसाठी पुरुषांना 90 आणि स्त्रियांना 80 सेंटिमीटर ही धोक्याची मर्यादा मानतात.

मोठे ध्येय किती मोठे असावे? अमेरिकेत झालेल्या आणि 2002 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झालेल्या मधुमेह-प्रतिबंधाच्या अभ्यासात, मधुमेहाच्या उंबरठ्यावरील लोकांसमोर वजनात सात टक्के घट आणि आठवड्याला 150 मिनिटे व्यायाम एवढेच उद्दिष्ट ठेवले होते. तेवढ्याने मधुमेह होण्याचे प्रमाण 58 टक्क्यांनी कमी झाले. ऐंशी किलोच्या माणसाला सात टक्के म्हणजे साडेपाच किलोंच्या आसपास. लग्नाच्या वेळचे वजन कोणी मागितलेलेच नाही.

शिवाय मोठ्या ध्येयाला शरीराने करून दाखवण्याजोगे काहीतरी जोडावे, असे मला वाटते. माझे ध्येय बडोद्याजवळचा पावागढ हा डोंगर आहे: माची या टप्प्यावर रोपवे न घेता पायऱ्यांनी कालिकामातेच्या मंदिरापर्यंत चढणे. माझ्या वहिनींनी नवरात्र निवडले आहे. नऊ रात्री गरबा खेळायचा आणि गुडघ्यांची तक्रार करायची नाही. त्यांची निवड अधिक शहाणपणाची म्हणावी लागेल, कारण पावागढ पुढे ढकलता येतो, घटस्थापना येत नाही.

लहान उद्दिष्टांसाठी मी एक वही ठेवली आहे. निजण्यापूर्वी ज्याचे उत्तर 'झाले' किंवा 'नाही' असे देता येईल तेवढेच तिच्यात लिहितो. 'जास्त चालायचे' याला तिथे जागा नाही. 'कमाटीबागेत सकाळी तीस मिनिटे' याला आहे. मे महिन्यात बडोद्याचा पारा चाळिशी ओलांडतो आणि पावसाळ्यात बागेत चिखल होतो, हे गृहीत धरून त्याच ओळीत पर्यायही लिहावा: घरच्या घरी बैठका. ज्या शहरात प्रोफेसर माणिकरावांनी दांडिया बाजारातल्या जुम्मादादा व्यायाम मंदिरात पिढ्या घडवल्या, तिथे जोर-बैठकांसाठी महागड्या जिमची वाट का पाहावी? केवळ कमी खाऊन वजन उतरवले तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात. जागतिक आरोग्य संघटनाही चालण्याव्यतिरिक्त आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंच्या व्यायामाची शिफारस करते.

खाण्याबाबत माझी उद्दिष्टे मुद्दाम क्षुल्लक आहेत. चार कप चहात दोन-दोन लहान चमचे साखर म्हणजे रोज सुमारे 130 किलोकॅलरी. ती एकेक चमच्यावर आणली. फरसाण बंद केलेले नाही, बडोद्यात ते पाहुण्यांसमोर शोभणारही नाही; मात्र डब्यातून थेट न खाता वाटीत काढून खायचे. एखादी ओळ लागोपाठ दोन आठवडे 'नाही'वर राहिली तर स्वतःला बोल न लावता ती ओळच लहान करतो.

अलीकडे वहीत एका ओळीची भर पडली आहे. गड चढताना दम लागतो, पण उतरताना मांडीचे स्नायू लांबत असतानाच भार पेलतात आणि दुसऱ्या दिवशीचे दुखणे मुख्यतः त्यातून येते. तेव्हा आठवड्यातून दोनदा इमारतीचे जिने चढायचे आणि, लिफ्ट समोर उभी असली तरी, पायांनीच सावकाश उतरायचे.